आईच्या पोटातला पडदा

प्रिय ताई,

तू टोरांटोहून पाठवलेलं जिनसेंग पोचलं. आता पुन्हा पाठवू नकोस. आईला ते चालत नाही, हे इस्पितळातल्या लो सिस्टरनी तीनदा सांगितलंय. पण आई ऐकते कुठे? "पोरीनं समुद्रापलीकडून पाठवलंय, वाया घालवू?" म्हणत तिनं ते कोंबडीबरोबर चार तास उकळलं आणि मला सूप वाढता वाढता "मीठ बघते" म्हणून अर्धा वाडगा स्वतःच संपवला. पाय सुजले, आणि मला तिच्या डायलिसिसला जास्त साखरेच्या पाण्याची पिशवी लावावी लागली.

दर रविवारी फोनवर तू विचारतेस, आई बरी आहे ना? मी हो म्हणतो आणि विषय संपतो. डायलिसिस म्हणजे घरात नक्की काय चालतं, ते तुला कधी नीट सांगितलंच नाही. मूत्रपिंडं गेली, म्हणून पोटातलं पातळ अस्तर त्यांचं काम करतं. नळीतून दोन लिटर साखरेचं पाणी पोटात सोडायचं. पडद्याच्या पलीकडे रक्त, अलीकडे साखर. रक्तातला मळ आणि जास्तीचं पाणी पडद्यातून साखरेकडे झिरपतं, रक्त मात्र जागच्या जागी राहतं. काही तासांनी ते सगळं काढून टाकायचं, नवं भरायचं. दिवसातून चार वेळा, दर वेळी अर्धा तास. पाच वर्षांत मी जास्तीत जास्त जवळच्या मोंगकॉकच्या बाजारापर्यंत गेलोय, तेही घड्याळाकडे बघत.

तुझ्या पलंगाच्या जागी आता पिशव्यांची खोकी छतापर्यंत रचली आहेत. शेजारच्या फुंगकाकू म्हणतात, "लग्नाचं वय तर गेलं, आता या खोक्यांशीच लाव रे!" मी हसतो. आई हसत नाही.

पिशवी बदलताना खिडक्या बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क, आणि साबणानं हात घासून घासून धुवायचे. एक जंतू आत शिरला तरी पडदा सुजतो, माणूस जातोसुद्धा. त्या बंद खोलीत, हाँगकाँगच्या जूनमध्ये, घामानं निथळत मी पिशवी धरून बसतो. ताई, खरं सांगू? तिथे मला श्वास पुरत नाही. घरात कोंडून घातल्यासारखं वाटतं, आणि कुलपाची किल्लीही माझ्याच हातात आहे, याची आणखी चीड येते.

गेल्या महिन्यात क्वाई-संगचा फोन आला. आम्ही दोघं एकाच हॉटेलच्या स्वयंपाकघरात कोळंबीचे हार-गाव, ते वाफवलेले मोदकासारखे, वळायचो. तो लांब ताइपोला स्वतःचं दुकान काढतोय. म्हणाला, "तिसऱ्यांदा विचारतोय लेका, येतोस का माझ्याबरोबर? आता नाही म्हणालास तर दुसरा बघीन." मी नाही म्हणालो. फोन ठेवला तेव्हा दुपारच्या पिशवीची वेळ झाली होती.

त्या दुपारी मी हात धुतले नाहीत. मास्क लावला नाही. खिडकी सताड उघडली, पंखा लावला आणि नळी जोडली. विसरलो नव्हतो, ताई. एकेक नियम मला आठवत होता. आई माझ्याकडे बघत होती.

दोन दिवसांनी पोटातलं पाणी तांदळाच्या धुवणासारखं गढूळ आलं. ताप, पोटात कळा. इस्पितळात लो सिस्टरनी विचारलं, पिशवी कुणी बदलली? मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "मीच. हा बाजारात गेला होता, मला दम निघाला नाही." सिस्टरनी तिला लहान मुलीसारखं झापलं. तिनं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. मी बाजूला उभा होतो. खरं सांगायला मला कुणी अडवलं नव्हतं.

आई वाचली. तेव्हा तुला फोनवर "साधा ताप आहे" म्हणालो, ते खोटं होतं. डॉक्टर म्हणतात पडदा बचावलाय, सोमवारी घरी न्या. पुन्हा रोज चार पिशव्या. आई खूश आहे. म्हणते, माझ्या मुलासारखे हात नर्सचेही नाहीत. तिला सगळं ठाऊक असून ती हे बोलते, आणि तेच मला सहन होत नाही. हे पत्र आजच ईमेलनं पाठवतोय, पण मला मदत हवी म्हणून नाही. मला आईला एकटीला माझ्या हाती सोपवायची भीती वाटते. सोमवारच्या आत ये.

तुझाच,
सेक-हाँग