विजेचा ट्रक आणि गार झालेली कॉफी

मआन

प्रिय मिथ्काल,

उशीर झाला, माफ कर. ईदनंतर लगेच लिहायला हवं होतं, आता अंजिरंही संपत आली. फोन करायचा, असं म्हणशील. पण तुझा आवाज कानावर पडला की मी पुन्हा बॅटरीच्या किमती सांगत बसेन, म्हणून कागद घेतला. शाळा लवकर सुटली माझी, तेव्हा शुद्धलेखन चालवून घे.

तुझे पाय कसे आहेत? इथे थंडी पडायच्या आधीच माझे गुडघे बोलायला लागलेत. तुझी भावजय बरी आहे, पण तुझं नाव निघालं की भांडी आपटते. त्या दिवशी तू आणि तुझ्यासोबत मध्यस्थीला आलेला अबू दाऊद उठून गेलात आणि ती मला म्हणाली, "पोरीचा हात द्यायला तुम्हाला क्षण लागला नाही, आणि स्टिअरिंग मात्र सोडवेना!"

खरंच होतं ते. मागणं मान्य होईपर्यंत कॉफीला तोंड लावायचं नाही, या आपल्या रीतीने तू कप न पिता खाली ठेवलास, तेव्हा मला वाटलं, तुझ्या सत्तामसाठी आमच्या नौफाला मागायला आलास. छाती फुलली माझी. मागणं ऐकून घ्यायच्या आधीच बोलून गेलो, "पी कॉफी, ज्यासाठी आलास ते दिलं." तू प्यायलास. मग म्हणालास, "दादा, आपला जुना ट्रक विकू आणि विजेचा घेऊ. डिझेल सगळं खाऊन टाकतंय. चालवेल सत्ताम." आणि मी हसलो रे! शेजाऱ्यांदेखत म्हणालो, "शब्द पोरीचा दिलाय, खेळण्याचा नाही!" अबू दाऊदने मान खाली घातली. आपल्या बापाच्या बैठकीत कप रिकामा झाल्यावर शब्द फिरला, असं आजवर कधी झालं नव्हतं.

मग मी गावभर कारणं सांगत फिरलो. थांबू, दर वर्षी स्वस्त होतायत. थांबू, मआनला चार्जिंगपाशी ही रांग असते. थांबू, उन्हाळ्यात बॅटरीचं काय होईल? अकबाच्या बंदरातून भरलेला कंटेनर घेऊन नकबचा घाट चढेल का ते धूड? लोक माना डोलवायचे, आणि मला वाटायचं, पटतंय त्यांना. निम्मा ट्रक तुझा, निम्मा माझा. मी नाही म्हटलं की तुझे हात बांधलेले. सत्ताम दुसऱ्याची गाडी चालवायला गेला, तेव्हाही मी म्हणालो, आजकालच्या पोरांना धीर नाही.

गेल्या आठवड्यात आपली म्हातारी गाडी त्याच घाटात उकळली. मी बॉनेट उघडून वाफेत उभा. मागून हॉर्न आला, पण इंजिनाचा आवाज नाही. पाठीवर कंटेनर घेऊन विजेचा ट्रक चढत होता, आणि उतरला कोण, तर सत्ताम. रागाचा शब्द नाही. "काका, सावलीत बसा आधी." थर्मासातली कॉफी ओतून दिली. हात ग्रीसने माखले होते, ते पुसायला कप ट्रकच्या पायरीवर ठेवला. तर पोरगा हसला, "प्या हो काका, ज्यासाठी आलात ते दिलं!" त्याने थट्टा केली, मला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ती कॉफी मी वाळूत ओतली, मिथ्काल. ती ओठाला लावायला तोंड नव्हतं.

त्यानेच मला घरी सोडलं. घाट संपून मआनचा उतार लागला, तशी समोरच्या पडद्यावरची बॅटरी वाढू लागली. म्हणाला, "उतारावर परत मिळतं, काका. डिझेलने कधी काही परत दिलं का?" पायाखाली काहीच धडधडत नव्हतं. आयुष्यभर तळपायांनी गाडी ओळखली, इथे ओळखायला काही नव्हतं. त्या पडद्यावरचं निम्मं मला वाचताही आलं नाही.

तेव्हा कळलं. थांबू म्हणत होतो, ते किंमत उतरावी म्हणून नाही. माझं चालवणं संपेपर्यंत थांबा, एवढंच मागत होतो, आणि तेही सरळ मागायची हिंमत नव्हती. नवी गाडी आली की मी दारात बसलेला म्हातारा. त्या भीतीपायी तुझ्या पोराला परक्याच्या दाराशी धाडलं.

येत्या शुक्रवारी, नमाजानंतर, अबू दाऊदला घेऊन तुझ्याकडे येतो. कप मीच खाली ठेवीन. तू माझ्यासारखा फसू नयेस, म्हणून मागणं आधीच लिहितो. जुना विकू, विजेचा आत्ताच घेऊ, आणि सत्तामला परत येऊ दे. कधीमधी घाटापर्यंत मला शेजारी बसवलं तर बसेन, नाहीतर तक्रार नाही. नौफाचं मागणं तुझ्या मनात कधी आलंच, तर ते वेगळं. ते या कपात मिसळू नकोस.

कॉफी चुलीवर ठेवणार आहेस की नाही, तेवढा निरोप लवकर धाड. इथे तुझी भावजय रोज ओतते, आणि माझ्यापुढे ती गार होते.

तुझाच दादा,
हायल