झग्याच्या बाह्या

प्रिय लेकरा,

चारचौघांत मी तुला पाळकसाहेब म्हणते, अहोजाहो करते, आणि ते ऐकून तुला अवघडल्यासारखं होतं हेही मला दिसतं. आज पत्रात मात्र अरेतुरे करणार आहे. वयाने तुझ्या आईच्या जागी आहे, शिवाय पाय मोडून पलंगावर पडले आहे, तेव्हा दोन्हीकडून मला तो हक्क पोचतो. पायाचं प्लास्टर अजून तसंच आहे, आत खाज सुटली की सून विणायची सुई आणून देते. हात मात्र शाबूत आहेत, आणि शिवणाऱ्या बाईला तेवढं पुरतं.

परवा चर्चचे घंटावाले काका तुझा झगा घेऊन आले. उपासनेला तू घालतोस तो, मीच शिवलेला. म्हणाले, साहेबांनी सांगितलंय, बाह्या सोडा, खालची दुमड उसवा, नवीन येणारे पाळक उंच आहेत. मी विचारलं, आणि आपले साहेब कुठे निघाले? तर काका खिडकीबाहेर बघायला लागले. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. येत्या रविवारी तू मंडळीला सांगणार आहेस की माझ्याच्याने हे काम होत नाही, मला मोकळं करा. तुझ्या जागी कोण यायचं तेही तूच ठरवून ठेवलंस. कारण काय, तर म्हणे जो माणूस आजाऱ्याच्या उशाशी प्रार्थना करता करता घोरतो, त्याने पाळक म्हणून कुठल्या तोंडाने उभं राहावं. हे सांगून काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू घोरले मीच.

अरे, घोरलास ते माझ्या उशाशी ना? मग निवाडा करण्याआधी मला नको होतं का विचारायला?

त्या दिवशी तू आलास तेव्हा तुझ्या बुटांना दफनभूमीची माती होती आणि केसांत चुना. सकाळी कुणाला तरी माती देऊन आला होतास, आणि मधल्या वेळात चर्चचं गळकं छप्पर बघायला शिडीवर चढला होतास. तुझं हे नेहमीचंच. मुलांचा वर्ग तू घ्यायचा, बाकांना रंग तू द्यायचा, म्हाताऱ्यांना दवाखान्यात तू न्यायचं, गाणाऱ्यांचे रुसवेफुगवेही तूच काढायचे. कुणी हात लावायला आलं की ‘असू द्या, मी करतो’. रविवारी उपदेशात मात्र आम्हाला सांगतोस, शक्ती प्रभूची, आपण नुसते हात. ऐकायला छान वाटतं. सोमवारी बघावं तर त्याच्या वाटणीचं ओझंही तूच डोक्यावर घेऊन निघालेला. देवाला काही काम ठेवशील की नाही?

तर, स्टुलावर बसलास, डोळे मिटलेस, ‘हे प्रेमळ पित्या, तुझ्या या थकलेल्या लेकराला’ इतकं म्हणालास आणि थांबलास. मला वाटलं, पुढचे शब्द शोधत असशील. सून चहाचा कप हातात धरून डोळे मिटून उभी. बराच वेळ झाला तसा मी एक डोळा उघडला. तुझं डोकं माझ्या गादीच्या कडेला टेकलेलं, तोंड उघडं, आणि घोरणं असं की मला मशीनला तेल घालायची आठवण झाली.

आता तुला माहीत नाही ते सांगते. माझा लेक गेल्यापासून मी देवाशी अबोला धरला होता. उपासनेला यायचे, गाणीही म्हणायचे, पण प्रार्थना सुरू झाली की डोळे मिटून कुणाच्या तरी सदऱ्याची कॉलर बेतत बसायचे. तू घरी येऊन जीव तोडून प्रार्थना करायचास आणि मी तुझ्या शब्दांआड लपायचे. माझ्या वतीने तू बोलतोयस ना, मग मला बोलायची गरजच काय? त्या दुपारी तू अर्ध्यात सोडलंस. शिवण अर्धी आणि दोरा लोंबतोय, हे मला आयुष्यात कधी बघवलेलं नाही. वाक्य पुरं करावं म्हणून मी तोंड उघडलं. ‘विसावा दे’ एवढंच म्हणाले, तुझ्यासाठी. पण उघडलेलं तोंड मिटेचना. माझ्या लेकाचं नाव आलं. या घरात ते कुणी घेत नव्हतं. सुनेला त्रास नको म्हणून मी नाही, मला त्रास नको म्हणून ती नाही. खूप भांडले मी देवाशी, खूप रडले. सून कप ठेवून माझ्याजवळ येऊन बसली आणि तीही बोलली. शेवटी दोघी आमेन म्हणालो, त्या आवाजाने तू दचकून उठलास. आमचे रडवेले चेहरे बघून काय समजलास कोण जाणे, लालबुंद झालास आणि चहा न पिता निघून गेलास. तेव्हापासून या घराची पायरी चढला नाहीस.

लेकरा, तू जागा असतास तर हे घडलं नसतं. म्हणून राबू नकोस असं मी म्हणत नाही. राबून राबून का होईना, तू माझ्या उशाशी पोचलास म्हणून मला ते अर्धं वाक्य मिळालं. पण पुढचं अर्धं तुझ्या अंगातल्या बळाने झालं नाही, तू तर गाढ झोपला होतास. ज्याच्या बळाने झालं तो जागा होता. मग तुझं बळ संपलं म्हणून काम कसं संपेल, एवढंच मला कळत नाही.

यापुढे मुलांचा वर्ग सून घेणार आहे. छपराला मंडळीतला गवंडी येतोय, ‘मी करतो’ म्हणालास तर तो शिडी काढून घेईल. रविवारी मला खुर्चीत बसवून चर्चमध्ये आणणार आहेत. आणि झगा काकांबरोबर परत पाठवते आहे, घालून बघ. तू फार वाळला आहेस, झग्याचे खांदे खाली उतरायला लागले होते. ते आत घेतले, बाह्या सोडायच्या सोडून तुझ्या मापाला आखूड केल्या, आणि शिवणीतलं जादा कापड सगळं कापून टाकलं. आता उसवूनही तो मोठा व्हायचा नाही. नव्या पाळकांना चढायचा नाही, तुझ्याशिवाय कुणालाच चढायचा नाही. राग आला असेल तर ये आणि माझ्या उशाशी बसून भांड. मध्येच झोप लागली तर लागू दे, पुढचं मी म्हणेन.

तुझीच,
शिवणवाली मावशी