सव्वा तासाची जागा

दादा,

हे पत्र टाकायचं धाडस मला होणार नाही, म्हणूनच खरं लिहिते. परवा तू पुन्हा म्हणालास, "विमानात जागाच नव्हती, तू तरी काय करणार?"

जागा होती. खिडकीजवळची, एकच.

त्या सकाळी डॉक्टर म्हणाले, "मुलाला बोलावून घ्या." तुझं तिकीट मीच काढणार होते, ऑफिसात दिवसभर दुसरं करते काय? विमानाने सव्वा तास, गाडीने नऊ, हे मी गिऱ्हाइकांना झोपेतही सांगेन. ती जागा मी तुझ्या नावाने धरली. वीस मिनिटांत तिकीट पक्कं केलं नाही, तर धरलेली जागा आपोआप सुटते. बाबांच्या उशाशी बसून मी ती वीस मिनिटं जाऊ दिली. मग तुला फोन केला, "सगळं फुल आहे, गाडीनेच ये."

सहा वर्षं त्यांचं सगळं मी केलं आणि त्यांच्या तोंडी कायम तू. वाटलं, शेवटचे काही तास तरी ते माझे असतील.

पण तू निघालास कळताच त्यांनी भिंतीवरचं घड्याळ काढून समोर ठेवायला लावलं. मी हात धरून बसले, तरी मान दाराकडेच. "कुठवर आला गं?" एवढंच विचारायचे. सात तास मी त्यांना तुझ्या वाटेवरचं एकेक गाव सांगत राहिले.

ते गेले तेव्हा तू दोन तासांवर होतास. मी तर शेजारीच होते रे, तरी पोचले नाही.

तुझी,
तिकीटवाली