टकलावरची सावली

ती. ताईस, तुझ्या शेंडेफळाचा नमस्कार.

एक गंभीर तक्रार आहे. ऑफिससमोरच्या झाडावरचे पक्षी जेवणाच्या सुट्टीत नेमकं माझंच टक्कल गाठतात.

तरी गाड्या लावायला ते झाड तोडायचं ठरल्यापासून मी टेबल-खुर्ची त्याच्याखालीच मांडली आहे आणि तिथूनच काम करतो. साहेब म्हणाले, "आत या हो, ऊन लागेल." मी म्हटलं, "झाड आहे तोवर नाही लागणार."

काल हिशेबनीस बाईही आपली खुर्ची घेऊन आल्या. नोकरीची काळजी करू नकोस, ती करायला मी आहे.

तुझे गुडघे काय म्हणतात? निघताना तुझी छत्री मागून आणली होती, ती तिकडे येणाऱ्या शेजाऱ्यांबरोबर परत पाठवतोय. पक्ष्यांसाठी टोपी घेतली आहे, आणि उन्हाचं म्हणशील तर मला इथे सावली आहे.

तुझा हट्टी,
धाकटा