एकतीस तारखेपर्यंत एक वुडकॉक

२ जानेवारी. पाऊस.
नवी वही. खताच्या दुकानातून फुकट मिळाली. नंतर कोणी मला भलतंसलतं सांगायला नको म्हणून लिहून ठेवतो.
काल पबमध्ये फ्रॅन्सी मॅकटर्नन सगळ्यांसमोर म्हणाला, पॅकी, तुझ्या झाडीतले पक्षी म्हातारे होऊन मरतात रे. लोक हसले. मी म्हणालो, एकतीस तारखेला शिकारीचा मोसम संपतो. तोवर एक वुडकॉक पक्षी पाडला नाही तर बंदूक कायमची खाली ठेवीन आणि डेला डिम्प्ना मल्वीला देऊन टाकीन.
डेला म्हणजे माझी सेटर जातीची शिकारी कुत्री, वय सात. डिम्प्ना शेजारची विधवा. तिचा नेम बरा आहे, पण वारा नेहमी तिच्या बाजूचा असतो.
असा शब्द द्यायला कोणी सांगितलं नव्हतं. पण दिला. मी शब्दाचा माणूस.
नोव्हेंबरपासून पक्षी शून्य. दोष पावसाचा.

५ जानेवारी. पाऊस.
ओढ्याकाठी हॉलीच्या झुडपापाशी डेला एक पाय उचलून थिजल्यासारखी उभी राहिली. म्हणजे पक्षी आत. मी पुढे झालो. काहीतरी तपकिरी उडालं. दोन्ही बार टाकले. हॉलीची बरीच पानं पडली.
डेलाने माझ्याकडे पाहिलं. मला असं पाहिलेलं आवडत नाही.
काडतुसं दमट आहेत, दुसरं काय. सुकावी म्हणून घरी आल्यावर चुलीवर ठेवली. विनीने ती चिमट्याने उचलून अंगणात नेली आणि जे बोलली ते इथे लिहीत नाही. मोठी बहीण आहे.

८ जानेवारी. धुकं, मग पाऊस.
डेला पुन्हा तशीच उभी राहिली. मी पोचेपर्यंत तिने मान वळवून पाहिलं आणि सुस्कारा टाकला. कुत्र्याने सुस्कारा टाकणं बरोबर नाही.
घरी माझी वाट न पाहता स्वयंपाकघराच्या दाराची कडी नाकाने उचलून आत गेली. पिल्लू असल्यापासूनची सवय.
विनी म्हणाली, अरे, तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. डोळ्यांच्या दवाखान्याचं पत्र ऑक्टोबरपासून घड्याळामागे पडलंय, ते तरी उघड. मी म्हणालो, धुकं होतं. ती म्हणाली, काल स्वयंपाकघरातपण धुकं होतं का? चहा कपाच्या बाजूला ओतलास.
कप कोणीतरी सरकवला होता.
छातीत जरा घरघर वाटते. मोजे ओले. उद्या आराम.

१२ जानेवारी. पाऊस.
डिम्प्ना चहाला आली. सकाळी अर्ध्या तासात दोन पाडले, जळणाच्या खोलीत सुतळीने टांगून ठेवलेत म्हणाली. विचारलं नव्हतं कोणी. डेला पूर्ण वेळ तिच्या बुटांवर हनुवटी टेकून. खिशात बिस्किटं असणार.
जाताना डिम्प्ना म्हणाली, पॅकी, तुम्ही पबमध्ये काहीही बोललात तरी मी डेलाला नेणार नाही हं. मी म्हणालो, दिलेला शब्द म्हणजे शब्द. विनी म्हणाली, हो, आणि गाढव म्हणजे गाढव.
डेला ऐकत होती. रात्री जेवली नाही.

१७ जानेवारी. मुसळधार. विजय.
चुन्याच्या जुन्या भट्टीमागे आवाज झाला, तिकडे बार टाकला. डेला निघून गेली. पंचवीस मिनिटं पत्ता नाही. मग तोंडात वुडकॉक घेऊन आली. माझ्या पायाशी ठेवला आणि बाजूला बघत बसली.
पक्षी गारठून कडक झालेला. हवाच तशी आहे. पायाला सुतळीचा फास. बिचारा कुठल्यातरी कुंपणात अडकला असेल. म्हणजे वेडावाकडा उडत असणार, आणि तरी मी टिपला. मी टोपीत त्याच्या पंखाच्या टोकाचं पीस लावलं.
पबमध्ये नेला. फ्रॅन्सीने उलटा केला, सुलटा केला, हुंगला. म्हणाला, कधी मारलास? मी म्हणालो, सकाळी. तो म्हणाला, कुठल्या सकाळी?
साक्षीदाराशिवाय धरत नाही म्हणे. नियम आज निघाला.

२४ जानेवारी. पाऊस.
दुसरा. तसाच लांबचा बार, डेला तशीच लांब गेली. सुतळीसकट. या भागातल्या कुंपणांची कोणीतरी दखल घ्यायला हवी.
टोपीत दोन पिसं.
संध्याकाळी डिम्प्ना सांगत होती, जळणाच्या खोलीतून पक्षी जातायत. मी म्हणालो, कोल्हा. ती म्हणाली, कोल्हा कडी उघडतो का हो? मी तिला कडीवर दगड टेकवायचा सल्ला दिला. अशा बाबतीत बायकांना पटकन सुचत नाही.

३१ जानेवारी. पाऊस. शेवटचा दिवस.
साक्षीला फ्रॅन्सी आणि डिम्प्ना. मी बंदूक भरली तेव्हा दोघंही एका जाड ओकच्या झाडामागे जाऊन उभे राहिले. पावसाचा आडोसा म्हणून.
तासाभराने डेला हॉलीपाशी उभी राहिली. इतकी सुंदर उभी राहिली की फ्रॅन्सीनेसुद्धा झाडाआडून मान बाहेर काढली. मी गेलो. उडाला. टाकले दोन्ही बार.
फ्रॅन्सी म्हणाला, गेला तळ्याकडे, मजेत.
डेलाने माझ्याकडे पाहिलं. मग त्या दोघांकडे. मग कुंपणातल्या फटीतून पळाली, तळ्याच्या उलट दिशेला.
आम्ही थांबलो. टोपीतून पाणी मानेवर. माझ्या मनात आलं, आज रात्री ती कुठल्या चुलीपुढे झोपणार. डोळ्यांत पाऊस गेला.
चाळीस मिनिटांनी आली. माझ्या पायाशी ठेवला. वुडकॉकच. पिसं उपटलेला, भाजायला तयार. छातीवर बेकनचे दोन काप, दोऱ्याने नीट बांधलेले.
फ्रॅन्सीने टोपी काढली.
डिम्प्ना बराच वेळ पक्ष्याकडे पाहत राहिली. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत भाजायला ठेवलेलं असतं तसंच दिसत होतं खरं. मग म्हणाली, मला तर पडताना दिसला.
फ्रॅन्सी म्हणाला, आणि पिसं?
ती म्हणाली, जवळून बसला बार.
फ्रॅन्सी म्हणाला, आणि बेकन?
डिम्प्ना वाकून डेलाचे कान खाजवू लागली. शेवटी फ्रॅन्सी म्हणाला, बरं, पक्षी तर पक्षी, आणि बंदूक खांद्याला अडकवून रस्त्याकडे चालू लागला. लांब गेल्यावर त्याचे खांदे हलताना दिसले. थंडी होतीच.
डेला माझ्या घरी आली. माझ्या पुढे नाही, मागे नाही. बाजूने.

२ फेब्रुवारी. पाऊस थांबला. आता थांबून काय उपयोग.
काल विनीने पक्षी भाजला. बेकनमुळे चव आली. डिम्प्नाला जेवायला बोलावलं होतं. टोपीतली दोन्ही पिसं तिच्या ताटाशेजारी ठेवली. कारण सांगितलं नाही. तिने एक पीस घेतलं आणि दुसरं डेलाच्या पट्ट्यात खोचलं.
आज घड्याळामागचं पत्र काढलं. छपाई वाईट आहे, म्हणून विनीने वाचलं. मला चौदा डिसेंबरला बोलावलं होतं. तिने फोन लावून नवी तारीख घेतली.
एक नोव्हेंबर, सकाळी दहा. नेमका मोसम सुरू होतो तो दिवस.
विनी म्हणाली, जाणार आहेस. मी म्हणालो, हवा कशी असेल त्यावर ठरवू.
डेला चुलीपुढे पडली होती. तिने सुस्कारा टाकला.