बारमथला धाडलेला ड्रमर

क्रॅडली हीथ,
मंगळवार

प्रिय नेव्ह,

आधी मला चार शिव्या हासडून घे, मग पुढे वाच. तीन आठवडे मी तुझा फोन उचलला नाही. माझा गुडघा धरलाय हे माझ्या बायकोने, मॉरीनने तुला सांगितलं, ते मीच तिला पढवलं होतं. गुडघा ठणठणीत आहे. घोडं अडलं होतं ते पुस्तिकेपाशी. आपली रेकॉर्ड सत्तेचाळीस वर्षांनी पुन्हा निघतेय, तिच्यासोबतच्या पुस्तिकेत तू बँडची हकीकत लिहिलीस, आणि छापण्याआधी मी ती वाचून खाली सही करायची, असं त्या कंपनीतल्या मुलीचं म्हणणं. शुक्रवारपर्यंत मुदत आहे. रोज पेन घेऊन बसायचो, आणि सही काही होत नव्हती.

लिहिलंस मात्र झकास, गाढवा. दीड वर्षात आटोपलेल्या बँडवर बारा पानं! नावाची गोष्ट वाचून मी एकटाच खो खो हसलो. सेंट ल्यूक चर्चच्या हॉलमध्ये आपली तालीम ऐकून तुझी आई, आमच्या डॉट काकू, म्हणाल्या होत्या, रोज सकाळी भट्टीच्या जाळीतून जळके खडे खरवडते तेव्हा अस्साच आवाज येतो. झालं, त्या खड्यांचंच नाव लागलं, क्लिंकर. स्वतःच्या आईने इतका चोख अपमान केलेला दुसरा बँड इंग्लंडात नसेल.

पण स्वतःच्या वाजवण्याबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. दिवसभर तू साखळीच्या कारखान्यात म्हाताऱ्या एनॉकच्या हाताखाली घण मारायचास. आधी त्याची हातोडी टक् करणार, मग क्षणभर थांबून तुझा घण पडणार. ती सवय तुझ्या हातात इतकी मुरली होती, की ड्रमवरही तुझा ठोका केसभर उशिराच पडायचा. यार्डली भाऊ, एक गिटारवर आणि एक बेसवर, सुरुवातीला वैतागले होते. पण त्या उशिरानेच आपली गाणी जड व्हायची, छातीवर बसायची. डडलीच्या कार्यक्रमावर पेपरात सात ओळी आल्या. सहा तुझ्यावर. सातवीत लिहिलं होतं, ‘गायकही होता.’ तू ते कात्रण कारखान्यात सगळ्यांना दाखवलंस आणि आठवडाभर मला ‘गायकही’ म्हणून हाक मारलीस. मीही दात काढले. आतून मात्र भडका उडाला होता.

मग लंडनहून फेअरब्रास आला, आपली रेकॉर्ड काढणारा. फराची कॉलर लावलेला तो माणूस हॉलच्या मोडक्या खुर्चीवर तासभर बसला आणि जाताना हो म्हणाला. पुढचं तू लिहिलंयस ते असं: ‘फेअरब्रासला लंडनचाच ड्रमर हवा होता. मॉग माझ्यासाठी भांडला, पण त्याचं काही चाललं नाही.’ ही एवढीच ओळ, नेव्ह. बाकी बारा पानांवर मी डोळे मिटून सही केली असती.

ते दोन आठवडे आठव. जुलै संपता संपता सगळे कारखाने सुट्टीसाठी एकदम बंद, आख्खं गाव समुद्रावर. डॉट काकूंनी बारमथला कॅरॅव्हॅन घेतली होती. तू मला विचारलंस, रेकॉर्डिंगचं काय, मी थांबू का? मी म्हटलं, ते सप्टेंबरात गेलं, तू बिनघोर जा, आईला समुद्र दाखव. तू गेलास. सोमवारी आम्ही लंडनला होतो आणि तुझ्या स्टुलावर कुणीतरी स्वच्छ नखांचा सभ्य माणूस बसला होता. ठोका घड्याळासारखा, चूक एक नाही. चार दिवसांत काम संपलं. तू परतलास तो उन्हाने नाक सोलवटून. मी बसस्टॉपवरच तुला गाठलं आणि सांगितलं, फेअरब्रासने ऐनवेळी तारीख अलीकडे आणली, माणूसही त्याचाच लादला, मी खूप भांडलो. यार्डली भावांनाही मी हेच सांगितलं होतं. तू माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालास, “जाऊ दे मॉग. तू तरी भांडलास.” मागून डॉट काकू आल्या आणि पोराला पुरे दोन आठवडे त्यांच्याजवळ राहू दिलं म्हणून मला मिठाईचा डबा दिला. तो मी घरी नेऊन बहिणीला देऊन टाकला.

रेकॉर्ड निघाली आणि पडली. पडणारच. लोक तुझ्या घणासाठी यायचे आणि तिच्यात तो नव्हता. त्याहून वाईट म्हणजे, तू बिचारा त्या माणसाचे ठोके पाठ करून तसंच वाजवायला लागलास, रेकॉर्डसारखं वाटावं म्हणून. स्टाउरब्रिजला लोक आपल्याकडे पाठ करून गप्पा मारत होते. वसंत यायच्या आत थोरला यार्डली विमा विकायला लागला, आणि तू ड्रम विकून एनॉककडे परत गेलास.

आता ऐक. त्या दिवशी हॉलबाहेर गाडीत बसताना फेअरब्रास मला म्हणाला होता, “गाणारे मला रोज भेटतात. असा ड्रमर नाही भेटत. त्याला हात लावू नका.” पुढच्या आठवड्यात मी त्याला फोन करून सांगितलं, की नेव्ह लंडनला यायला तयार नाही, त्याची आई आजारी आहे, तुमचा माणूस लावा. तारीख कारखान्यांच्या सुट्टीत मीच मागून घेतली. तो मरेपर्यंत समजत राहिला, की तू त्याला नाही म्हणालास. आणि तू त्याला दोष देत राहिलास, माझ्या लग्नात माझ्या बाजूला उभा राहिलास, आणि आता मी भांडलो म्हणून छापायला निघालास. लाज वाटते रे, फार लाज वाटते. तुझ्या उत्तराची वाट बघत बसलो तर पुन्हा कच खाईन, म्हणून तुझी पानं आज सकाळीच त्या मुलीला पोस्टाने पाठवून दिली. ती ओळ मी खोडली आणि तिथे माझ्या हाताने लिहिलं: ‘नेव्हिल पार्गेटरला फेअरब्रासने काढलं नाही. मॉरिस ट्रॅन्टरने, म्हणजे मॉगने काढलं, कारण लोक नेव्हिलकडे बघत होते.’ त्याखाली सही केली.

तुझाच, अजून म्हणू देत असलास तर,
मॉग