डॅशबोर्डमागचं गाठोडं

अप्पा, ती लाल गाडी परत आली. चादरीच्या कारखान्याच्या शेठची, दोन सीटची, बुटकी, टपाचं कापड मागं दुमडतं ती. टेंपोवर चढवून आणली आपल्या गाड्यांच्या वायरिंगच्या दुकानासमोर, आणि मी हातातलं टेस्टर खाली ठेवून आत पाणी प्यायला गेले. तहान कसली, लपायला गेले. तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली, माझी पन्नाशी उलटली, आणि एका गाडीला बघून मी आपली पोरीसारखी भिंतीआड.

गाडी शेठच्या मुलीनं आणली. तिचेही केस पांढरे झालेत आता. म्हणाली, बाबांना कमी ऐकू येतं, कानाला मशीन आहे, पण गाडीत बसून गाणी ऐकायची म्हणतात. घरातल्या मोठ्या स्पीकरवर लावली तर नको म्हणतात, गाडीतच पाहिजेत. आवाज आजच्यासारखा खणखणीत पाहिजे, मोबाइलवरून गाणं लागलं पाहिजे, आणि गाडी मात्र दिसायला पहिल्यासारखी. मी मान डोलावली. पहिल्यासारखी! पहिल्यासारखी ती कुणामुळं राहिली नाही, हे त्या बिचारीला काय माहीत.

तुम्हाला आठवतंय ना, तुम्ही दुधनीला आत्याच्या घरी साखरपुड्याला गेला होता. शेठना जावयाला गाडीतनं फिरवायचं होतं, कॅसेटचा नवा टेप त्याच दिवशी बसवून पाहिजे होता. तुम्ही जाताना बजावलं होतं की मी येईपर्यंत गाडीला हात लावू नको. पण मी एकवीस वर्षांची, सोल्डरिंग तुमच्यापेक्षा सुबक करते असं गिऱ्हाइकं म्हणायची, ते डोक्यात गेलेलं. जुन्या रेडिओची जागा लहान, दोन बटणांसाठी दोन भोकं आणि मधे पत्रा. टेप काही बसेना. मग घेतलं हॅक्सॉचं पातं आणि मधला पत्रा कापला. अर्ध्या तासात काम खलास. टेप बसला, वाजला, आणि मी स्वतःवरच खूश.

तुम्ही संध्याकाळी आलात, गाडीत डोकं घातलं, कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. आधी मला जेवू दिलंत. तुमची पद्धतच ती, उपाशी माणसाला रागवायचं नाही. मग मला लाडानं कानडीत आई म्हणत बोललात, "अव्वा, तार चुकली तर सोडवून परत जोडता येती. पत्रा कापला की कापला." एवढंच. मी रडले तर म्हणालात, रडून पत्रा जुळत असता तर मीबी रडलो असतो की. दुसऱ्या दिवशी शेठ आले. बापाच्या वेळची गाडी, तिला करवत लावली म्हणून भर रस्त्यात तुम्हाला बोलले. आणि तुम्ही, अप्पा, हात जोडून म्हणालात, माझ्या हातनं चुकलं. मी आतल्या खोलीत उभी होते. दोन पावलं पुढं येऊन खरं सांगायला किती वेळ लागला असता? नाही सांगितलं. कारखान्याचे तिन्ही टेंपो त्यानंतर होटगी रोडच्या दुसऱ्या दुकानात जायला लागले, दोन वर्षं शेठनी आपल्या दारात पाऊल ठेवलं नाही, आणि टेंपो तर कधीच परत आले नाहीत. तुम्ही एकदासुद्धा मला बोलून दाखवलं नाहीत. बोलला असता तर बरं झालं असतं, मेलं ते ओझं तरी उतरलं असतं.

तर आता मागच्या आठवड्यातली गोष्ट. त्या कापलेल्या जागेवर तुम्ही त्याच रात्री टेपभोवती रेक्झिन लावलेली फळी बसवली होती ना, ती अजून तशीच. स्क्रू सोडवले, फळी काढली, आत हात घातला तर काहीतरी मऊ लागलं. मला वाटलं उंदराचं घरटं. बाहेर ओढलं तर चिंधीत बांधलेली पुरचुंडी, वर तांब्याच्या तारेचा वेढा, तुमचाच, शेवटी डावीकडं पिळलेला. खाकी चिंधी, तिला एक बटण, लाल दोऱ्यानं शिवलेलं. खाकी दोरा सापडला नव्हता म्हणून ते मीच शिवलं होतं, तुमच्या शर्टाचं.

सोडायच्या आधीच मला कळलं आत काय असणार. "गाडीचं गाडीत" हा तुमचा नियम. कुणाच्याही गाडीतनं निघालेला स्क्रू, वायसर, तुटकी क्लिप, सगळं बांधून त्याच गाडीत ठेवायचं. लोक हसायचे. मीही हसायची, भंगारवाल्याचा धंदा चोरताय म्हणायची. आत तो पत्रा होता. मी कापलेला. करवतीचे दात लागलेल्या कडा तुम्ही कानशीनं घासून, ग्रीस लावून ठेवल्या होत्या. एवढ्या वर्षांत गंजाचा ठिपका नाही. मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि मनसोक्त रडले, जेवायच्या आधीच.

मग कामाला लागले. डॅशबोर्डचा पत्रा अख्खा उतरवून पत्र्याचं काम करणाऱ्या चाचांकडं नेला. त्यांनी तुकडा जागेवर धरून बघितला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "इत्ता तुकडा किन्ने सांभाल को रखे?" मी म्हटलं, अप्पांनी. त्यांनी जोड असा घातलाय की रंग लागल्यावर बोट फिरवूनही कळत नाही. जुना रेडिओ शेठच्या माळ्यावर सापडला. त्याचं तोंड तसंच ठेवलं, पोटात नवा बोर्ड बसवला. डाव्या बटणानं आवाज वाढतो, उजव्यानं गाणं बदलतं. अॅम्प्लिफायर सीटखाली, स्पीकर सीटमागं पेटी करून. दाराला एक भोक पाडलं नाही, अप्पा. एकही नाही.

काल सकाळी शेठना घेऊन आली मुलगी. आम्ही दोघींनी धरून त्यांना गाडीत बसवलं. मी गाणं लावायच्या आधी खाली वाकले आणि त्यांच्या मशीनच्या कानात सांगितलं की तो पत्रा अप्पांनी नव्हता कापला, मी कापला होता. दोनदा सांगावं लागलं. अख्ख्या गल्लीनं ऐकलं असेल. म्हातारा बराच वेळ डॅशबोर्डवर हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "म्हंजे दोन वर्षं मी त्याला उगाच तोडला की गं." मी म्हटलं, होय. त्यांना बरं वाटावं म्हणून दुसरं काही म्हणता आलं असतं, पण आता खोटं नको वाटलं. त्यांनी दुकानातल्या तुमच्या फोटोकडं बघितलं, नाक पुसलं आणि स्वतःच डावं बटण फिरवलं. आवाज लई मोठा झाला, पण कुणी कमी केला नाही. संध्याकाळी मुलीचा फोन आला, कारखान्याच्या गाड्या पाठवू का म्हणून विचारत होती. मी म्हटलं, पाठवा.

हे कागदावर उतरवलं, पण टाकायचं कुठल्या टपालपेटीत? राहील टेबलाच्या खणात. आणि एक सांगायचं राहिलं. गाडीतनं निघालेले टेपचे स्क्रू, ती फळी, जुन्या तारा, सगळं नव्या फडक्यात बांधून डॅशबोर्डमागं ठेवलं, वेढा डावीकडं पिळून. खाकी चिंधी मात्र ठेवली नाही. ती माझ्याकडंच आहे, याच खणात. तुमचा नियम मोडला. ती गाडीची नव्हतीच, आपली होती, असं मी मनाला समजावतेय.